रंगनाथ कंडक्टरचा इसार

मिरजगावात रंगनाथ कंडक्टरचं घर कुठलं असं विचारलं, तर कुणी गल्लीबोळ सांगत बसत नाही. ज्या गच्चीवर पाण्याच्या टाकीचं नुसतं झाकण दिसेल ते घर, एवढी खूण पुरते. झाकण काळं कुळकुळीत, चांगल्या प्रतीचं आहे. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर दोन विटा ठेवल्या आहेत. खाली टाकी मात्र नाही. टाकीवाल्यानं तीन हजार रुपये आधी घेतले, विश्वास राहावा म्हणून झाकण ठेवून गेला, आणि त्याला आता चौथा उन्हाळा लागलाय. रंगनाथ अजूनही म्हणतो, झाकण न्यायला तरी तो येईलच.

यावरून हा माणूस बावळट आहे असं कुणी समजू नये. बत्तीस वर्षं त्यानं एसटीत कंडक्टरकी केली आणि आठ आण्यांचाही हिशेब कधी चुकू दिला नाही. त्याची गाडी अडायची ती एकाच ठिकाणी. एसटीत माणूस आधी पैसे देतो, मग त्याला तिकीट मिळतं, आणि एकदा तिकीट फाडलं की त्याला पोचवणं ही गाडीची जबाबदारी. गाडी बंद पडली तर कंडक्टर मागच्या गाडीला हात करतो आणि त्याच तिकिटावर माणसाला तिच्यात बसवून देतो. बत्तीस वर्षांत त्यानं एकाही तिकीटवाल्याला रानात सोडलं नव्हतं. त्यामुळं पैसे दिलेला माणूस रस्त्यात राहू शकतो, ही गोष्टच त्याच्या डोक्यात शिरत नसे. मिस्त्री लोक त्या पैशाला ॲडव्हान्स म्हणत, रंगनाथ इसार म्हणे. तो इसार द्यायचा कोऱ्या नोटांत, उजव्या हातानं, आणि दिल्यावर खिडकीची सीट मिळाल्यासारखा शांत बसायचा.

तो रिटायर झाला, फंडाचे पैसे आले, घराला जरा बरं रूप द्यावं असं त्याच्या मनात आलं, आणि ही बातमी तालुक्यातल्या कारागिरांना कुणी पत्रानं कळवावी तशी कळली. आधी पेंटर आला. त्यानं ओसरीची एक भिंत पिस्ता रंगानं रंगवली आणि बाकीचा रंग आणायला म्हणून गेला. मग छताला पीओपी करणारा आला. त्यानं छताच्या मधोमध एक भलंमोठं कमळ बसवलं, कमळाच्या भोवतीचं छत तेवढं राहिलं. ग्रिलवाला तर खिडकीपेक्षा वीतभर मोठी ग्रिल घेऊन आला, ती भिंतीला टेकवली, आणि खिडकी मोठी करणारा माणूस पाठवतो म्हणून त्याचे पाचशे वेगळे घेऊन गेला.

जाताना प्रत्येक जण काहीतरी ठेवून जाई. आमच्या भागातली रीतच आहे ती. पैसे घ्यायचे, अर्धा दिवस खाडखूड करायची, आणि हत्यारं घरमालकाच्या ओसरीत ठेवून म्हणायचं, ‘हत्यारं हितंच हायती, जातोय कुठं.’ रंगनाथला ती हत्यारं म्हणजे हातात पडलेलं तिकीटच वाटे. त्याच्या ओसरीत एक शिडी, दोन थाप्या, एक ओळंबा आणि ड्रिल मशीनची रिकामी पेटी इतकं जमलं होतं. रोज सकाळी तो त्यावरची धूळ झटकायचा. शेजारीच खिळ्याला एक पितळी घंटा टांगलेली होती. भंगारात निघालेल्या जुन्या गाडीची ती घंटा डेपोतल्या मंडळींनी त्याला निरोपाच्या दिवशी दिली होती. एकदा वाजली की गाडी थांबवायची, दोनदा वाजली की सोडायची. घंटाही तो पुसायचा, आणि कधी कधी कुणी बघत नाही असं पाहून दोनदा वाजवायचा.

त्याची बायको सुरेखा या सगळ्यावर काय म्हणत असेल, ते न सांगताही कळेल. ती शिवणकाम करायची. पायानं चालवायचं मशीन कमळाच्या बरोबर खाली मांडून तिनं अर्ध्या मिरजगावाचे ब्लाऊज शिवले. काम करता करता वर बघायची आणि म्हणायची, गाडीत चेकिंगला साहेब चढायचा म्हणून तुमचं निभावलं, घरात चेकिंगला कुणी नाही. रंगनाथ हसायचा आणि चहा ठेवायला उठायचा.

पण पायडल मारून मारून तिचा उजवा गुडघा गेला. यंदा मार्चमध्ये नगरच्या दवाखान्यात त्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की आता मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, आणि घरी कमोड असल्याशिवाय घरी न्यायचं नाही. मिरजगावच्या घरात जुन्या बैठकीचा संडास. मुलगी प्रणिता शिर्डीला दिली होती. जावई तिथं हॉटेलात कामाला, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, पण लिफ्ट होती आणि कमोड होता. तीन महिने आईला घेऊन जाते म्हणून ती दवाखान्यातच येऊन राहिली होती.

सुरेखानं नवऱ्याला खाटेजवळ बोलावलं आणि गाडीची पाटी वाचावी तसं सांगितलं. “फुडल्या शनवारी मला सोडत्यात. कमोड बसला तर मिरजगाव, न्हाई बसला तर शिर्डी. आनि एक ध्यानात ठेवा. पैसे काम झाल्यावर. आधी एक रुपया न्हाई.”

रंगनाथ म्हणाला, व्हय.

आता त्याची अडचण समजून घ्यायला हवी. नोकरीत निम्म्या रात्री त्यानं मुक्कामी गाडीबरोबर परगावच्या देवळांत आणि शाळांच्या ओट्यांवर काढल्या होत्या. सुरेखानं पोरीला एकटीनं वाढवलं, सासूचं एकटीनं केलं. रिटायर झाला त्या दिवशी त्यानं तिला सांगितलं होतं, आता मुक्काम घरीच. आणि आता तीच तीन महिने मुक्कामाला शिर्डीला निघाली होती. तिच्याशिवाय त्याला करमत नसे. त्या घरात पुरी बांधून झालेली तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती त्यानं तिला कधी बोलून दाखवली नव्हती.

तो त्याच दिवशी नगरहून कमोड घेऊन टेम्पोतून घरी आला. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी पुंजाराम प्लंबरला बोलावलं. पुंजारामनं संडास पाहिला, कमोडवर दोनदा टिचकी मारली, नऊ हजार सांगितले आणि पाच आधी लागतील म्हणाला. रंगनाथला सुरेखाचे शब्द आठवले. त्यानं धीर धरला. चहा संपेपर्यंत धरला. मग आत गेला, कोऱ्या नोटा आणल्या, उजव्या हातानं दिल्या आणि शांत बसला.

पुंजारामनं मात्र काम जोरात सुरू केलं. दुपारपर्यंत त्यानं जुनं भांडं घणानं फोडून काढलं, फरशी उखडली, पाण्याचा नळ बंद केला. मग पान्यांची पिशवी ओसरीत ठेवली, हत्यारं इथंच असल्याचं नेहमीचं वाक्य म्हटलं आणि सिमेंट आणायला गेला.

शनिवारी तो रस्त्यातच होता. रविवारीही रस्त्यातच होता. फोन केला की मागून कुठल्या तरी म्हातारीचा आवाज यायचा, ‘हळू रं, हळू,’ आणि फोन बंद व्हायचा. आता घरात जुना संडास नव्हता आणि नवा खोक्यात होता. रंगनाथ रोज सकाळी चालत एसटी स्टँडवरच्या शौचालयात जाऊ लागला. तिथं दारातच पाच रुपये आधी घेतात आणि लगेच आत सोडतात. आपलं तत्त्व मुळात बरोबर असल्याचा हा पुरावाच आहे, असं त्याला येताना वाटायचं. घरी पोचेपर्यंत ते वाटणं ओसरायचं.

सोमवारी सकाळी तो पुंजारामच्या घरी जाऊन थडकला. दारात उभा राहिला आणि पाय कुठं ठेवावा ते त्याला कळेना. घरातली सगळी फरशी उखडलेली होती. खालची माती उघडी पडलेली, मध्ये टाकलेल्या दोन फळ्या, आणि त्या फळ्यांवरून पुंजाराम आपल्या आईला कडेवर घेऊन येत होता. रंगुबाई ऐंशीची, हातात चहाची बशी, पोराच्या खांद्यावर मान टाकून आरामात.

पुंजारामनं आईला अंगणात उन्हाला ठेवली आणि दम खाल्ला. हकिगत अशी होती की आसाराम गवंड्यानं त्याच्याकडून चार हजार आधी घेतले, एका दिवसात घरभर फरशी खणून काढली, थापी आणि रंधा ठेवून गेला, त्याला बारा दिवस झाले. बायको शुक्रवारी संध्याकाळी वैतागून माहेरी गेली, फरशी झाली की कळवा म्हणाली. रंगुबाई फळीवरून चालायला तयार नाही. मग पुंजाराम तिला चहाला चुलीपाशी, उन्हाला अंगणात, दुपारी खाटेवर आणि संध्याकाळी टीव्हीपुढं असं दिवसभर उचलून नेत होता. कामाला जाणार कसा?

रंगनाथनं मोठ्या मायेनं त्याला विचारलं, “आरं पर त्याला आधी पैसे कशाला दिलंस तू?”

पुंजारामनं त्याच्याकडं नीट पाहिलं आणि आईच्या हातातली रिकामी बशी काढून घेतली.

रंगुबाईला मात्र कशाचीच तक्रार नव्हती. तिनं रंगनाथला जवळ बोलावून सांगितलं, की लेकरू इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिवसभर घरी असतं, आसारामला फार घाई करू नकोस. रंगनाथनं मान हलवली आणि तडक आसारामच्या वस्तीवर निघाला. गाडी बंद पडली तर ती कुठं बंद पडली हे आधी बघायचं, एवढं त्याला कळत होतं.

आसाराम हायवेच्या पलीकडं राहायचा. रंगनाथ पोचला तेव्हा तो नुकताच मोटारसायकलवरून उतरला होता. भुवयांपर्यंत धुळीनं माखलेला, खाटेवर बसून दोन्ही हातांनी कंबर चोळत होता. फरशीचं नाव काढताच त्याला रडूच यायचं बाकी राहिलं. येत्या रविवारी आष्टीला त्याच्या मेहुण्याच्या पोरीचं लग्न होतं. बायको मुक्ताबाईनं चार ब्लाऊज शिवायला टाकले होते. टेलरणीनं पैसे घेतले, दाराला कुलूप लावलं आणि ब्लाऊज काही आले नाहीत. आता भाचीच्या लग्नात जुने ब्लाऊज घालून मी जाणार नाही, असं मुक्ताबाईनं सांगितलं होतं, आणि ती रोज सकाळी नवऱ्याला मोटारसायकलवर पुढं बसवून कर्जत, नगर, आष्टी असे टेलर धुंडाळत होती. लग्नसराई. एकही टेलर कापड हातात घ्यायला तयार नव्हता. आज जामखेडलाही जाऊन आले होते.

हे ऐकून रंगनाथला खरोखरचा राग आला. गेले तीन दिवस त्याच्या पोटात साचलेलं सगळं त्या टेलरणीवर ओतलं गेलं. तो म्हणाला, असली माणसं जगात आहेत म्हणून कामं अडतात. पैसे घ्यायचे आणि दाराला कुलूप लावायचं, ही कुठली रीत. माणसानं तिकीट फाडलं की पोचवलं पाहिजे. मी बत्तीस वर्षं पोचवली. तुम्ही मला त्या बाईचं नाव सांगा, घर सांगा, मी आत्ता जातो आणि तिच्या दारात उभा राहतो, बघू कशी देत नाही.

मुक्ताबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. त्याचं सगळं बोलून होईपर्यंत ती डोक्यावरचा पदर धरून अदबीनं उभी राहिली. मग म्हणाली, “लांब जायाला नको, भावजी. त्या कुलपाची किल्ली तुमच्याच खिशात हाय.”

रंगनाथनं खिसा चाचपला. किल्ली होती.

मुक्ताबाईनं पुढं जे सांगितलं ते ऐकून त्याला खाटेखाली जावंसं वाटलं. ती दोनदा घरी येऊन गेली होती, दोन्ही वेळा तो नगरला दवाखान्यात आणि घराला कुलूप. सुरेखाला फोन करायचं तिच्या मनात आलं होतं, पण ऑपरेशन झालेल्या बाईला ब्लाऊजचं काय विचारायचं, म्हणून तिनं केला नाही. त्यापेक्षा नवऱ्याला हिंडवणं तिला बरं वाटलं. रंगनाथनं पाणी प्यायलं, तांब्या परत दिला आणि परवा बुधवारी ब्लाऊज तुमच्या हातात असतील असं सांगून टाकलं. हे आपण काय बोलून बसलो, ते त्याला हायवे ओलांडल्यावर कळलं.

घरी मशीनच्या फळीवर गाठोडं होतंच. सुरेखाच्या अक्षरात चिठ्ठी, ‘मुक्तावहिनी, रविवारी लग्न’. दोन ब्लाऊज शिवून झालेले, फक्त हुक राहिलेले. दोन कापून ठेवलेले, बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी, पुढा वेगळा. हुक-बटणाची त्याला धास्ती नव्हती. मुक्कामी गाडीवर कंडक्टरला स्वतःची बटणं स्वतःच लावावी लागतात. पण बाकीचे ते कापडाचे तुकडे त्यानं जमिनीवर मांडून पाहिले, तर त्यांतून माणूस होईना.

सुरेखाला फोन केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि फोन केला तर मुक्ताबाईचं सांगताना आसाराम येणार, आसारामचं सांगताना पुंजाराम येणार, आणि पुंजारामचं सांगताना कोऱ्या नोटा येणार. तो अर्धा तास कमळाखाली बसून राहिला. शिर्डीच्या फ्लॅटची लिफ्ट त्याच्या डोळ्यांपुढं वर जात होती. शेवटी त्यानं व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग सुरेखानं विचारलं, “पुंजारामला किती दिलं?”

“पाच.”

“आधी?”

“आधी.”

मग तिच्या तोंडून एक वेगळाच आवाज आला आणि फोनचा पडदा हलायला लागला. ती रडतेय असं त्याला वाटलं. पण ती हसत होती. गुडघ्यावर हात दाबून हसत होती आणि दुखतं म्हणून मध्येच ओय ओय करत होती. हसू आवरल्यावर म्हणाली, “मी तरी कुठं शानी. मुक्ताकडनं पाचशे घेतलं हुतं, कापडाला कात्री लावायच्या आधी. बसा मशीनवर. मी सांगते तसं करा.”

त्या सोमवारी दुपारी आणि मंगळवारी दिवसभर रंगनाथ कंडक्टरनं ब्लाऊज शिवले. फोन दोऱ्याच्या रिळाला टेकवून ठेवलेला. पलीकडं प्रणितानं धरलेल्या फोनमध्ये सुरेखा, आणि तिच्या मागं हळूहळू वॉर्डातल्या बाकीच्या बायका. पहिल्यांदा पायडल उलटं फिरलं आणि दोरा तुटला. दुसऱ्यांदाही तुटला. तिसऱ्यांदा मशीन पळायला लागलं ते थांबेचना, तेव्हा त्याच्या तोंडून सवयीनं गाडी थांबवतानाचं ‘होल्डान’ निघालं आणि सगळा वॉर्ड हसला. शेजारच्या खाटेवरची शेवगावची बाई म्हणाली की बाही आधी चुण्या घालून जोडा. समोरच्या खाटेवरची म्हणाली, आमच्याकडं आधी खांदा जोडतात. त्यावरून दोघींची जुंपली. नर्स येऊन रागावली आणि फोनमध्ये डोकावून म्हणाली, काका, ती बाही उलटी लागतेय.

ती खरंच उलटी लागली होती. त्यानं उसवली, पुन्हा लावली. चौथ्या ब्लाऊजला मात्र डावी बाही उजवीकडं आणि उजवी डावीकडं गेली, आणि दोन्ही खांदे थोडे पुढं झुकल्यासारखे दिसू लागले. सुरेखा बराच वेळ फोनमध्ये बघत राहिली. मग म्हणाली, राहू द्या. त्या राहू द्यामध्ये जी माया होती, ती इतक्या वर्षांत कुठल्याही मुक्कामी त्याला मिळाली नव्हती. पुढं आष्टीच्या लग्नात दोन बायकांनी मुक्ताबाईला ही फॅशन कुठली म्हणून विचारलं, असं तिनं नंतर सांगितलं.

बुधवारी सकाळी ब्लाऊज पोचले. मुक्ताबाईनं ते उलटेसुलटे करून पाहिले, पदरात घातले आणि नवऱ्याकडं वळून एवढंच म्हणाली, “आता जावा कामाला.” आसाराम मोटारसायकलवरून पळालाच. बुधवार आणि गुरुवार त्यानं पुंजारामच्या घरची फरशी बसवली. पुंजारामनं बायकोला तिच्या माहेरी फोन करून कळवलं.

शुक्रवारी दोघंही सिमेंटची गोणी घेऊन रंगनाथच्या दारात हजर झाले. पुंजारामच्या कडेवर रंगुबाई होती. फरशी अजून ओली होती आणि तिच्यावर पाय द्यायचा नव्हता, म्हणून तिला बरोबर आणावी लागली. तिला आत कमळाखाली खुर्ची दिली. तिनं वर बघून फूल चांगलंय म्हटलं आणि दिवसभर दोघांच्या कामावर लक्ष ठेवलं. ओसरीतली थापी आणि ओळंबा कुणी पेंटर-गवंडी ठेवून गेला होता, ती हत्यारं आसारामनं न विचारता कामाला लावली. दिवेलागणीला कमोड बसला.

एक गोष्ट रंगनाथच्या मनात राहिली होती. डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीला कुणीतरी जवळ पाहिजे. आणि सुरेखानं बजावलं होतं की दाराशी उभं राहून कुणी खोकत बसलेलं मला चालणार नाही. शनिवारी सकाळी त्यानं खिळ्यावरची पितळी घंटा काढली. ती संडासाच्या दाराबाहेर छताखाली ठोकली, तिची दोरी भिंतीच्या वरच्या फटीतून आत घेतली आणि कमोडवर बसलेल्या माणसाच्या हाताला येईल अशी सोडली. या कामाला त्यानं कुणालाही इसार दिला नाही आणि काम तासाभरात झालं. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

दुपारी चारला भाड्याची गाडी दारात आली. प्रणितानं आईला धरून उतरवलं, हातात वॉकर दिला. अंगणात पुंजाराम, आसाराम आणि खुर्चीत रंगुबाई. पुंजाराम राहिलेल्या पैशासाठी आला होता, आसाराम त्याच्याबरोबर आला होता, आणि रंगुबाईला आता कडेवरून फिरायची सवय लागली होती.

सुरेखा टक् टक् करत सरळ संडासाच्या दारापाशी गेली, आत पाहिलं, कमोडच्या कडेला बसवलेला दांडा हलवून बघितला. मग वरून लोंबणारी दोरी दिसली.

“ह्ये काय?”

रंगनाथनं सांगितलं, “एकदा वडलीस की गाडी थांबली, म्हनजे मी आलोच. दोनदा वडलीस की समदं ठीक. मी लांब हितं अंगनात हाय, दाराशी न्हाई.” आणि थोडं थांबून, दुसरीकडं बघत म्हणाला, “शिर्डीला लई करमलं नसतं मला.”

“मला जायचं हुतं शिर्डीला, तुमाला न्हाई,” सुरेखा म्हणाली.

“त्येच म्हनतोय.”

ती वॉकर घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं.

अंगणात प्रणिता दाराकडं बघत होती. पुंजाराम आपल्या कामाकडं कान लावून उभा होता, कारण पाणी गळलं तर आता ऐकू येणार होतं. रंगनाथ अंगणाच्या मधोमध उभा होता. बत्तीस वर्षं त्यानं दुसऱ्यांसाठी घंटा वाजवली होती. कुणाच्या घंटेची वाट बघत उभं राहायची वेळ त्याच्यावर आज पहिल्यांदा आली होती. बराच वेळ गेला. रंगुबाई पुटपुटली, बाई पडली तर नाही ना.

टिंग टिंग.

रंगनाथनं डोळ्यांवरून बाही फिरवली. पुंजारामनं हात जोडून आभाळाकडं पाहिलं. रंगुबाई म्हणाली, सुटली गाडी. मग सगळेच एकदम बोलायला लागले, प्रणिता चहा ठेवायला पळाली. रंगनाथनं पुंजारामच्या हातावर राहिलेले चार हजार ठेवले. काम झाल्यावर पैसे देताना कसं वाटतं हे त्याला माहीत नव्हतं. त्याला ते फारच आवडलं, आणि त्या आनंदात तो जरा सैल झाला.

आसाराम ते बघतच होता. तो जवळ आला, रंगनाथला संडासाच्या भिंतीपाशी, वरच्या फटीखाली नेलं, भिंतीवर हात फिरवला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “अण्णा, आता हितं खालनं कमरेइतक्या टाइल्स लावून टाकू. बाईमानसाचं काम, वल लागून भित खराब व्हती. लई न्हाई, दोन हजार आधी दिलं तर उद्या लगीन उरकून परवा सकाळीच येतो. थापी हितंच ठेवतो.”

रंगनाथनं भिंत पाहिली. ओल लागणार, ही गोष्ट खरीच होती. आसाराम माणूसही वाईट नव्हता. त्याचा उजवा हात आपोआप खिशाकडं गेला.

टिंग.

एकच. अंगणातली सगळी बोलणी तुटली. रंगनाथ धावत दारापाशी गेला आणि दाराला तोंड लावून विचारलं, “काय झालं? पडलीस का? येऊ का आत?”

आतून सुरेखाचा आवाज आला, अगदी निवांत.

“मला काय हुतंय. हात खिशातनं भाईर काढा.”

त्यानं काढला.